कोल्हापुरात बसून फ्रेंच: आरएफआयच्या दहा मिनिटांच्या बातमीपत्राबद्दल

आमच्या फ्रेंचच्या वर्गात नवीन येणारा प्रत्येक जण पहिल्या आठवड्यातच विचारतो, "सर, घरी ऐकायचं काय? कुठलं ॲप घेऊ?" दर वेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतो. मी सुचवतो ते ॲप नव्हे, रेडिओवरचं बातमीपत्र आहे. नाव 'ल झुर्नाल आँ फ्राँसे फासिल', म्हणजे सोप्या फ्रेंचमधल्या बातम्या. फ्रान्सची जगभर ऐकू जाणारी सरकारी रेडिओ वाहिनी आरएफआय ते देते. दहा मिनिटांचं असतं, फुकट असतं, आणि जे बोललं जातं त्याचा शब्दन्‌शब्द मजकूर संकेतस्थळावर वाचायला मिळतो. मी 2015 पासून ऐकतोय. आधी शिकणारा म्हणून ऐकत होतो, गेली पाच वर्षं शिकवणारा म्हणूनही ऐकतो.

मी भाषेच्या क्षेत्रातला माणूस नाही. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटीचं काम बघतो. 2013 साली आम्हाला फ्रान्समधलं एक गिऱ्हाईक मिळालं, पंपाच्या बॉडीची कास्टिंग घेणारं. ड्रॉइंग इंग्रजीत यायची, पण तक्रार आली की ती फ्रेंचमध्ये. पहिल्याच तक्रारीत 'सुफ्ल्यूर' असा शब्द होता. मेलबरोबरच्या फोटोवर लाल वर्तुळं होती, त्यावरून आम्ही अंदाज बांधला: ब्लो होल, म्हणजे ओतताना हवा अडकून कास्टिंगमध्ये पडलेलं भोक. 'सुफ्ले' म्हणजे फुंकणं, त्यावरून तो शब्द झालाय हे मला दीड वर्षानं कळलं. पण त्या दिवशीच ठरवलं होतं की ही भाषा आपल्याला यायला पाहिजे. वय अडतीस होतं.

सुरुवातीला एका ऑनलाइन वर्गाला पैसे भरले. नाव घेत नाही. शिकवणाऱ्या बाईंचं फ्रेंच उत्तम होतं, पण सगळी समजावणी इंग्रजीतून. आम्ही आठ जण, त्यातले सहा महाराष्ट्रातले, आणि कुणी चुकून मराठीत शंका विचारली तर त्यांना आवडायचं नाही. 'मी दहा वर्षांपासून इथं राहतो' हे वाक्य फ्रेंचमध्ये शिकवताना त्यांनी आधी इंग्रजीतला 'हॅव बीन लिव्हिंग' फळ्यावर मांडला, मग फ्रेंचमध्ये असा काळ नसतो, इथं साधा वर्तमानकाळ येतो, असं सांगत अर्धा तास घालवला. फ्रेंचमध्ये तिथं 'झाबीत', म्हणजे 'राहतो'. मराठीत 'राहतो'. मधे इंग्रजी आणलं म्हणूनच तो घोळ झाला. हे मला तेव्हा नुसतं टोचलं होतं. नेमकं काय टोचलं हे मांडता यायला बातमीपत्राची काही वर्षं जावी लागली.

आता बातमीपत्राबद्दल. नावातला 'सोपं' हा शब्द समजून घ्यायला हवा. हे लहान मुलांसाठीचं फ्रेंच नाही आणि अगदी नवशिक्यासाठीचंही नाही. ज्याच्या ए-वन, ए-टू या पहिल्या दोन पातळ्या झाल्या आहेत, ज्याला साधा भूतकाळ ओळखता येतो, त्याच्यासाठी ते आहे. त्याआधी लावलंत तर हाताला काही लागणार नाही आणि उगाच वाटेल की आपल्याला ही भाषा जमणारी नाही. वेग बोलण्याच्या जवळ जाणारा असतो. सोपेपणा असतो तो सांगण्याच्या रीतीत. दोन निवेदक एकमेकांशी बोलल्यासारख्या बातम्या सांगतात, मधे वार्ताहरांचे तुकडे येतात, आणि अवघड शब्द आला की लगेच 'सेता दीर' म्हणजे 'म्हणजेच' म्हणून त्याचा अर्थ त्याच वाक्यात, फ्रेंचमध्येच सांगतात. उदाहरणादाखल मीच जुळवलेलं एक वाक्य देतो: सरकारनं 'कुव्र-फ' लावलाय, म्हणजेच रात्री घराबाहेर पडायला बंदी आहे. शब्द आणि त्याचा अर्थ एकाच दमात कानावर येतात. डिक्शनरी उघडायला हात उठत नाही, आणि मोठ्या वयात शिकणाऱ्याला हीच खरी मदत असते. दिवसभर कामावरून आलेला माणूस दर दोन शब्दांना थांबला तर चौथ्या दिवशी रेडिओ बंद करतो.

'कुव्र-फ'चा मूळ अर्थ 'विस्तव झाका'. इंग्रजीतला 'कर्फ्यू' त्यावरूनच आला. हे कळल्यावर शब्द कायमचा डोक्यात बसतो. मार्च 2020 मधलं आठवतं. फ्रान्समध्ये 17 तारखेला टाळेबंदी लागली, आपल्याकडं 25 तारखेला. त्या आठवडाभरात 'काँफिनमाँ' हा शब्द मी इतक्या वेळा ऐकला की आपल्याकडं लॉकडाऊन जाहीर झाला तेव्हा माझ्या मनात आधी फ्रेंच शब्द उमटला. नंतर फाउंड्री बंद असताना मी रोजचं बातमीपत्र तीन-तीनदा ऐकायचो. त्या दोन महिन्यांत माझा कान जेवढा तयार झाला तेवढा आधीच्या पाच वर्षांत झाला नव्हता.

ऐकायची माझी पद्धत अशी. पहिल्यांदा मजकूर न बघता सलग ऐकायचं, बातम्या किती होत्या आणि कुठल्या देशाच्या होत्या एवढंच लिहायचं. दुसऱ्यांदा मजकूर समोर ठेवून. मग त्यातलं एकच मिनिट निवडायचं आणि वाक्य थांबवून थांबवून वहीत उतरवायचं, त्यालाच फ्रेंचमध्ये 'दिक्ते' म्हणतात. शेवटी मजकूर मिटून पुन्हा सगळं. एकूण पाऊण तास जातो. एका भागाला दहा एक एमबी डेटा लागतो, त्यामुळं सकाळी घरी उतरवून घ्यायचं आणि कामावर जाताना ऐकायचं असं आमच्यातले बरेच जण करतात.

श्रुतलेखनावर माझा भर आहे, कारण फ्रेंचमध्ये लिहिलेलं आणि बोललेलं यांत मोठं अंतर आहे. शेवटची अक्षरं गिळली जातात, आणि पुढचा शब्द स्वरानं सुरू झाला की गिळलेलं अक्षर परत वर येतं. 'ले' आणि 'आमी' शेजारी आले की 'लेझामी' होतं. आपल्याला व्याकरणातला संधी शाळेत शिकवलेला असतो, त्यामुळं ही गोष्ट मराठी माणसाला दहा मिनिटांत पटते. त्रास होतो तो अनुस्वारांचा. वाईनसाठी 'व्हँ' आणि वाऱ्यासाठी 'व्हाँ' यांतला फरक आमच्या वर्गातल्या एका बाईंना, बँकेतून निवृत्त झालेल्या, वय अठ्ठावन्न, चार महिने ऐकूच येत नव्हता. वादळाची बातमी होती आणि त्यांच्या वहीत किनाऱ्यावर वाईन सुटली होती. मग आम्ही एक केलं. त्या दिवसाच्या मजकुरातले नाकात बोलायचे सगळे शब्द दोन रंगांच्या पेनांनी गोल केले, एक रंग 'अँ'साठी, एक 'आँ'साठी, आणि रंग बघत ऐकलं. तीन आठवड्यांनी त्या म्हणाल्या, "सर, आज रंग न बघता कळलं." त्या दिवशीची त्यांची वही मी मागून घेतलीय. नव्या लोकांना दाखवतो.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ती गोष्ट. हे बातमीपत्र मराठी माणसाला खरं कधी उघडतं, तर शेजारी मराठी ठेवल्यावर. इंग्रजी ठेवलं की दार अर्धवट लागतं.

भूतकाळ घ्या. फ्रेंचमध्ये काही क्रियापदं 'असणे'बरोबर चालतात आणि कर्त्याप्रमाणे बदलतात: आला, गेला, पडला, जन्मला, मेला. बाकीची 'जवळ असणे' या अर्थाच्या क्रियापदाबरोबर चालतात आणि कर्त्याकडं बघत नाहीत. इंग्रजीतून शिकणाऱ्याला ही यादी पाठ करावी लागते. आपण काय म्हणतो? तो गेला, ती गेली. पण 'त्यानं आंबा खाल्ला' आणि 'तिनं आंबा खाल्ला', इथं खाणाऱ्यावरून काही बदलत नाही. भेद तसाच आहे. बातम्यांत रोज कुठंतरी कुणीतरी दगावतंच. पुरुष असेल तर 'मॉर', बाई असेल तर 'मॉर्त', शेवटचा त कानाला लागतो. मेला, मेली. मराठीशी सगळं तंतोतंत जुळत नाही. 'ती झोपली', 'ती धावली' ही आपल्याकडं कर्त्याप्रमाणे बदलतात, फ्रेंचमध्ये नाहीत. ते वेगळं सांगावं लागतं. पण पाया आपल्या तोंडात आधीपासून आहे.

याहून मला आवडणारी गोष्ट पुढची आहे. 'मी लिहिलेली चिठ्ठी' म्हणताना चिठ्ठी आधी आली की फ्रेंच क्रियापद चिठ्ठीप्रमाणे स्त्रीलिंगी होतं: 'ला लेत्र क झे एक्रीत'. चिठ्ठी क्रियापदानंतर आली तर नुसतं 'एक्री'. खुद्द फ्रेंच शाळकरी मुलांना हा नियम जड जातो, त्यावर तिथं पानंच्या पानं सराव असतो. आपण 'मी निबंध लिहिला, मी चिठ्ठी लिहिली, मी पत्र लिहिलं' हे दुधाच्या दातांपासून बोलतोय. कर्म कुठं आहे हे बघायची सवय मराठी माणसाला शिकवावी लागत नाही. फक्त एवढं सांगायचं की फ्रेंचमध्ये कर्म पुढं आलं असेल तरच बदल करायचा. हे फळ्यावर मांडलं की वर्गातले लोक एकमेकांकडं बघतात. ती शांतता मला फार आवडते.

'मला'चंही तसंच. मला आवडतं, मला लागतं, मला कमी पडतं. फ्रेंचमध्ये 'सा म प्ले', तिथंही आवडणारी वस्तू कर्ता आणि मी 'मला'. आमच्या गिऱ्हाइकाच्या मेलमध्ये 'इल मांक दी पियेस' असं असायचं, दहा पीस कमी पडतात. तेच क्रियापद माणसाबद्दल आलं की 'तुझी आठवण येते'. तू मला कमी पडतोस. इंग्रजीतून गेलेला माणूस इथं कर्ता आणि कर्म उलटेपालटे करतो. मराठीतून गेलेल्याला एकदा सांगितलं की बास. आणि 'आपण'! बातमीपत्रात 'ऑं' हा छोटा शब्द प्रत्येक मिनिटाला येतो. इंग्रजीत त्याला कधी 'वन', कधी 'वी', कधी 'पीपल' करावं लागतं. 'आपण आता पॅरिसला जाऊ', 'असं करू नये आपण', दोन्हीकडं आपला एकच शब्द पुरतो.

आकड्यांची भीती सगळ्यांनाच असते. बातम्यांत मृतांची संख्या, टक्केवारी, साल, सगळं भराभर येतं, आणि नव्वदला फ्रेंचमध्ये 'कात्र-व्हँ-दीस' म्हणतात: चार वीस दहा. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये नव्वदला 'नोनांत' असा सरळ शब्द आहे, पण आरएफआयवर बहुतेक वेळा चार वीस दहाच ऐकू येणार. माझी आजी भुदरगडातली, शाळेत न गेलेली. ती अंडी, शेणी, पेंढ्या सगळं विसांत मोजायची. नव्वद पेंढ्या म्हणजे "चार विसा नि धा". मी हे वर्गात सांगितलं तर आजऱ्याकडच्या एकानं लगेच हात वर केला, त्याच्या घरीही तसंच मोजत. त्या दिवसापासून आमच्या वर्गात सत्तर ते नव्याण्णव कुणी इंग्रजीतून मोजत नाही.

मराठी कामाला येत नाही अशा जागाही आहेत. आपल्याकडं लिंगं तीन, त्यांच्याकडं दोन, आणि आपलं कुठलं लिंग त्यांच्याकडं कुठं जाईल याला काही हिशेब नाही. प्रत्येक नाम 'ल' किंवा 'ला' लावूनच पाठ करायचं. 'रस्ता' या अर्थाच्या शब्दातला 'यू'सारखा स्वर आपल्याकडं नाहीच. त्याला माझा उपाय: तोंडानं 'ई' म्हणत राहायचं आणि तसंच म्हणता म्हणता ओठ शिट्टी मारायच्या बेतात आणायचे. दोन दिवसांत जमतं.

बातमीपत्राचा आणखी एक फायदा सहसा कुणी सांगत नाही. ते फक्त पॅरिसचं नाही. आरएफआयचा मोठा श्रोतृवर्ग आफ्रिकेत आहे, त्यामुळं सेनेगल, काँगो, कोत दिव्वार (आयव्हरी कोस्ट) अशा देशांच्या बातम्या वरचेवर असतात, तिथले वार्ताहर आणि तिथली साधी माणसं आपापल्या उच्चारांत बोलतात. फ्रेंचभाषक देशांच्या संघटनेनं 2022 मध्ये जगात 32 कोटी 10 लाख फ्रेंच बोलणारे असल्याचं सांगितलं, आणि रोज फ्रेंच वापरणाऱ्यांतले निम्म्याहून जास्त आफ्रिकेत आहेत. आमच्या वर्गातला एक जण पंपांची निर्यात करणाऱ्या कंपनीत आहे. त्याला पहिला फोन आला तो कोत दिव्वारमधल्या आबिजानहून, पॅरिसहून नाही. पलीकडच्या माणसाचा 'र' वेगळा, लय वेगळी. तो म्हणाला, कान आधीच ओळखीचा झाला होता, नाहीतर फोन ठेवला असता.

हे बातमीपत्र काय करत नाही तेही सांगायला हवं. ते तुम्हाला बोलतं करत नाही. तुमचा उच्चार चुकला तर कोण सांगणार? लिहिलेलं तपासून मिळत नाही. म्हणून त्याच्या जोडीला माणूस लागतो, मग तो शिक्षक असो की बरोबर शिकणारा कुणी. अगदी सुरुवातीला सरावासाठी टीव्ही-सेंक-माँद या फ्रेंच टीव्ही वाहिनीचं फुकट संकेतस्थळ लावा. तिथं ए-वनपासून चौथ्या पातळीपर्यंतचे, म्हणजे बी-टूपर्यंतचे छोटे व्हिडिओ आणि प्रश्न आहेत. ए-टू झालं की बातमीपत्राकडं या.

मी 2019 मध्ये पुण्याला जाऊन डेल्फ या फ्रेंचच्या प्रमाणपत्राची बी-टू पातळीची परीक्षा दिली. चार भाग, प्रत्येकी 25 गुण, शंभरात 50 पाहिजेत आणि कुठल्याही भागात पाचाच्या खाली जायचं नाही. तोंडी परीक्षेत तीस मिनिटं तयारीला देतात, मग वीस मिनिटं बोलायचं. माझा सगळ्यात चांगला भाग ऐकण्याचा निघाला, साडेवीस. तिथं एक ध्वनिफीत एकदाच ऐकवली. बाजूच्या टेबलावरची कॉलेजची मुलं घाबरली होती. मला ती बातमीपत्रातल्या एखाद्या तुकड्यासारखीच वाटली. डेल्फचं प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, म्हणून वयानं मोठ्या लोकांनी तेच द्यावं असं मी सांगतो. कॅनडाला स्थायिक व्हायला जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. फ्रेंच येतं हे दाखवायला त्यांना टीसीएफ किंवा टीईएफ ही परीक्षा लागते आणि तिचे गुण दोनच वर्षं धरले जातात. वर्गातल्या एका नर्सला हे उशिरा कळलं, म्हणून मुद्दाम लिहितोय.

शिकवायला लागलो तेव्हा मला स्वतःलाच शंका होती. मी फ्रान्सला आयुष्यात एकदाच गेलोय, नऊ दिवस, तेही गिऱ्हाइकाच्या कारखान्यात. पुण्याकडच्या एका कंपनीनं त्यांच्या इंजिनिअरांसाठी मला बोलावलं आणि आठवड्यानं कळवलं की 'नेटिव्ह' शिक्षक हवाय. वाईट वाटलं. उच्चारात मी फ्रेंच माणसाची बरोबरी करू शकत नाही, हे खरंच आहे. त्यासाठीच तर रोज दहा मिनिटं बातमीपत्र लावतो. पण पाय कुठं घसरतो ते मला माहीत आहे, कारण त्याच जागी माझा घसरलाय. दोन गोष्टी एकत्र आल्या की वर्ग पुढं सरकतो: रेडिओवरून त्यांचा आवाज, आणि समोर बसून आपल्या भाषेत समजावणारा माणूस.

राजारामपुरीत आमचा वर्ग मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता भरतो. सध्या सात जण आहेत. परवाच्या भागात 'न्वायो' हा शब्द आला, गाभा या अर्थानं. वर्गातले दोघे फाउंड्रीतले, त्यांना मी सांगितलं की कास्टिंगमध्ये आत पोकळी राहावी म्हणून वाळूचा जो कोअर बसवतो त्यालाही हाच शब्द, आणि फळाच्या कोयीलाही. बँकेतल्या बाईंनी लगेच वहीत लिहिलं आणि खाली आंब्याची कोय काढली. शुक्रवारी त्याच भागातलं तिसरं मिनिट उतरवायला घेणार आहोत. यायचं असेल तर वही दोनशे पानी आणा, आणि पेन दोन रंगांची.